शाळेचं मैदान आणि खान्देशातलं ऊन: मुलांना कधी पळवायचं, कधी थांबवायचं

(या भागाचा लेखी मजकूर. ऐकताना आकडे टिपून घेता आले नाहीत, असं दर वेळी काही जण कळवतात. त्यांच्यासाठी, आणि शाळेच्या ग्रुपवर पाठवायला सोपं जावं म्हणून. बोलण्यातली पुनरुक्ती काढून टाकली आहे, बाकी तसंच ठेवलंय.)

आजचा विषय जळगाव-धुळ्याच्या माणसाला नवा नाही. ऊन. एप्रिल-मे महिन्यात पारा ४३, ४४ च्या वर गेला तरी आपल्याकडे बातमी होत नाही, भुसावळचा आकडा काय आला एवढीच चौकशी होते. पण उन्हाबद्दल आपण बोलतो ते घरातल्या म्हाताऱ्यांबद्दल, शेतात राबणाऱ्यांबद्दल. शाळेच्या मैदानावर पळणाऱ्या मुलांबद्दल फारसं बोलत नाही. "पोरं आहेत, त्यांना कुठं ऊन लागतं" एवढ्यावर विषय संपतो.

लागतं. आणि मैदानावर ते वेगळ्या पद्धतीने लागतं. शेतात काम करणारा माणूस दमला की झाडाखाली बसतो. मैदानावर मूल दमलं तरी ते स्वतःहून थांबत नाही, कारण शिट्टी सरांच्या हातात असते. सगळ्या भागाचा गाभा हाच आहे. पळायचं किती, थांबायचं केव्हा, पाणी प्यायचं केव्हा, हे मूल ठरवत नाही, मोठी माणसं ठरवतात. म्हणून ते ठरवण्याचे नियम मोठ्या माणसांना माहीत पाहिजेत.

कूलर जूनमध्ये का चालत नाही?

आधी एक साधी गोष्ट. आपल्याकडे घरोघरी कूलर आहे. एप्रिलमध्ये तो झकास गारवा देतो. पहिला पाऊस पडला, हवा दमट झाली, की तोच कूलर नुसता चिकट वारा फेकतो. कूलर तोच, पाणी तेच. मग बदललं काय? बाहेरची हवा. कोरडी हवा पाणी पटकन ओढून घेते. पाण्याची वाफ होताना ते सोबत उष्णता घेऊन जातं, म्हणून गारवा. हवेत आधीच ओलावा असेल तर वाफ होत नाही आणि गारवाही होत नाही.

आपलं शरीर हाच कूलर आहे. घाम म्हणजे कूलरचं पाणी. एक लीटर घाम पूर्ण वाळला तर तो शरीरातून साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हा आकडा मोठा आहे. पण घाम वाळला तरच. गळून जमिनीवर पडलेल्या घामाचा काही उपयोग नाही, तो फक्त शरीरातलं पाणी कमी करतो.

यातून आपल्या भागासाठी दोन धोके निघतात. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत घाम इतका पटकन वाळतो की तो दिसतच नाही. मुलाचा शर्ट कोरडा असतो, आपल्याला वाटतं घाम आलाच नाही, पाणी कशाला. प्रत्यक्षात शरीरातलं पाणी भराभर जात असतं. दुसरा धोका जूनचा. पारा ३३ वर आला म्हणून आपण निश्चिंत होतो, आणि नेमका तेव्हा घामाचा कूलर बंद पडलेला असतो.

अंगातली भट्टी

आता पळण्याकडे येऊ. स्नायू जी ऊर्जा वापरतात, तिच्यातला साधारण पाव हिस्साच कामाला लागतो, उरलेल्याची उष्णता होते. म्हणजे पळणारं मूल ही एक छोटी भट्टीच. ही उष्णता बाहेर पडलीच नाही, तर चांगल्या वेगाने पळताना शरीराच्या आतलं तापमान दर ५ ते ८ मिनिटांनी एक अंशाने वाढेल. शाळेचा तास ३५ मिनिटांचा. आतलं तापमान ४० च्या वर गेलं आणि मेंदूचं काम बिघडू लागलं, की त्याला उष्माघात म्हणतात. हिशेब तुम्हीच करा. व्यायामातला उष्माघात होण्यासाठी दिवसभर उन्हात उभं राहावं लागत नाही. एक तास पुरतो.

आता यात बाहेरची हवा घाला. त्वचेचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून गार असेल तर वाऱ्याने अंग निवतं. हवा ४० ची असेल तर वारा उलट अंगात उष्णता भरतो. म्हणूनच आपल्याकडची दुपारची झळ गार करत नाही, भाजते. मग शरीराकडे घाम हा एकच मार्ग उरतो.

आणखी एक गोष्ट. पेपरात छापून येणारं तापमान सावलीतलं असतं. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, हवेशीर पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो. मैदानावर मुलांच्या डोक्यावर थेट ऊन असतं आणि पायाखाली तापलेली जमीन. त्यामुळे "आज फक्त ३९ आहे" हे वाक्य मैदानासाठी अपुरं आहे.

यावर उपाय म्हणून एक वेगळा निर्देशांक वापरतात. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या मरीन सैनिकांच्या प्रशिक्षणात उष्माघाताने माणसं कोसळू लागली, तेव्हा तो तयार झाला. यात तीन तापमापक असतात: एक ओल्या कापडाचा, एक काळ्या गोळ्यातला आणि एक साधा. ओल्याला ७० टक्के, काळ्या गोळ्याला २० टक्के आणि साध्याला फक्त १० टक्के महत्त्व. म्हणजे आपण ज्या आकड्यावर भांडतो, त्याला सगळ्यात कमी किंमत! जपानच्या क्रीडा संघटनेचा नियम असा आहे की हा निर्देशांक ३१ च्या वर गेला की व्यायाम बंद.

आपल्या हवेसाठी ढोबळ हिशेब केला तर गंमत दिसते. एप्रिलमधला कोरडा दिवस, ४० अंश, आर्द्रता २० टक्के, कडक ऊन: निर्देशांक ३१ च्या पुढे जातो. जूनमधला दमट दिवस, फक्त ३२ अंश, आर्द्रता ७५ टक्के, ढगांतून डोकावणारं ऊन: निर्देशांक पुन्हा ३१ च्या आसपासच. आपल्या मनात या दोन दिवसांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण पळणाऱ्या मुलाच्या अंगाला तो जवळपास सारखाच.

मुलं मुळातच नाजूक असतात का?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण उत्तरावर बाकी सगळं ठरतं. बरीच वर्षं समज असा होता की मुलांचं शरीर उष्णता सांभाळायला मोठ्यांपेक्षा कमजोर असतं. मुलांना घाम कमी येतो हे खरं आहे. वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचं क्षेत्रफळ जास्त असतं, त्यामुळे हवा अंगापेक्षा गरम असली की ती लवकर तापतात, हेही खरं. पण अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये आपली जुनी भूमिका बदलली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मुलांना पुरेसं पाणी मिळत असेल, तर उन्हात व्यायाम करण्याची त्यांची क्षमता मोठ्यांपेक्षा कमी नसते. धोका येतो तो झेपेल त्यापेक्षा जास्त पळवल्याने, दोन फेऱ्यांमध्ये विश्रांती न दिल्याने, पाणी न दिल्याने, जाड कपड्यांनी, सवय नसताना आणि आजारातून उठल्याबरोबर मैदानात उतरवल्याने.

ही यादी नीट बघा. यातली एकही गोष्ट आकाशातून पडत नाही. प्रत्येक गोष्ट कोणीतरी ठरवलेली असते. म्हणून मी म्हणतो, मुलांचं खेळणं बंद करू नका, खेळवण्याची पद्धत बदला. वर्षातले चार महिने मुलं घरात मोबाईल घेऊन बसणार असतील तर तो आणखी वेगळा आजार.

तीन घटना

१६ एप्रिल २०२३, खारघर. महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा, भर दुपारपर्यंत चाललेला, लाखोंची गर्दी उघड्या मैदानावर. उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी त्या भागातलं तापमान ३८ अंशांच्या आसपास होतं. जळगावकर ३८ ला थंडावा म्हणतो. पण खाडीजवळची दमट हवा, डोक्यावर छप्पर नाही, आणि तासन् तास बसून राहणं. ती माणसं पळत नव्हती, नुसती बसलेली होती. त्यानंतर चार-पाच दिवसांतच राज्य सरकारने राज्य मंडळाच्या शाळांना २१ एप्रिलपासून सुट्टी जाहीर केली.

जुलै २०१८, जपानमधलं तोयोता शहर. पहिलीच्या वर्गाला शिक्षक जवळच्या बागेत किडे पकडायला घेऊन गेले. अंतर फार नाही, खेळही साधा. परत आल्यावर सहा वर्षांचा एक मुलगा वर्गात कोसळला आणि उष्माघाताने गेला. साऱ्या देशात खळबळ उडाली. सरकारने शाळांच्या वर्गांत वातानुकूलन बसवण्यासाठी निधी दिला, आणि मैदानावर काय चालेल, काय नाही, याचे नियम शाळांनी गांभीर्याने घेतले.

तिसरी घटना आपल्या जवळची. जून २०१४, मुंबईतली पोलीस भरती. पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीत उमेदवार कोसळले आणि काही तरुणांचा जीव गेला. नंतर अंतर पाचवरून तीन किलोमीटरवर आणलं गेलं. ही घटना मी मुद्दाम सांगतोय, कारण आपल्या दोन्ही जिल्ह्यांत दहावी-बारावीची किती पोरं भरतीच्या तयारीला रस्त्यावर पळतात ते तुम्ही रोज बघता. धुळ्यात तर राज्य राखीव दलाचा गटच आहे, त्यामुळे खाकीचं वेड लहानपणापासून. ही पोरं शाळेत असतात, पण शाळेच्या नियमांच्या बाहेर पळतात. थांबायचं नाही, दम धरायचा, असं त्यांना सगळेच सांगतात. जीव तोडून पळणारा आणि न थांबणारा मुलगा हाच सगळ्यात जास्त धोक्यात असतो. आळशी मुलाला उष्माघात होत नाही, तो कधीच सावलीत जाऊन बसलेला असतो.

धोक्याचे दिवस कोणते?

सगळे म्हणतील मे महिना. पण मे महिन्यात शाळा बंद असते. शाळेसाठी धोक्याचे दिवस वेगळे आहेत.

पहिला काळ, मार्चअखेर ते परीक्षा संपेपर्यंत. शाळा सकाळची होते. मार्च २०२५ च्या अखेरीस राज्याने प्राथमिक शाळांना ७ ते ११.१५ आणि माध्यमिक शाळांना ७ ते ११.४५ अशी वेळ ठरवून दिली. चांगली गोष्ट आहे. पण वेळापत्रकात पीटीचा तास शेवटचा असेल तर तो साडेदहा-अकराला येतो आणि लगेच मूल उन्हात घरी चालत जातं. तोच तास पहिला केला तर सात वाजता. एक पैसा खर्च नाही.

दुसरा, १ मे. महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन. मुलं गणवेशात रांगेत उभी. भाषण लांबतं. इथे मुलं चक्कर येऊन पडतात ती बहुतेक वेळा उष्माघाताने नाही. एका जागी उभं राहिल्याने रक्त पायात साठतं आणि मेंदूला कमी पडतं. सावलीत आडवं करून पाय वर केले की काही मिनिटांत मूल बरं होतं. झालं नाही, तर मात्र उष्माघात समजूनच चालायचं. उपाय सोपा: सावलीत रांगा, भाषणं छोटी, आणि मुलांना अधूनमधून जागच्या जागी पाय हलवायला सांगणं.

तिसरा, आखाजीच्या सुमारास सुरू होणारी उन्हाळी क्रीडा शिबिरं. परीक्षेमुळे महिनाभर घरात बसलेलं मूल एकदम रोज दोन तास मैदानावर. शरीराला उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. सवय झाली की घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो, आणि त्यातून मीठ कमी जातं. ही सवय होण्याआधीचे पहिले चार-पाच दिवस सगळ्यात वाईट. म्हणून पहिल्या दिवशी अर्धा तास, हलका खेळ, मग रोज थोडं थोडं वाढवत जायचं. पहिल्याच दिवशी "कोणात किती दम आहे बघू" हा प्रकार अजिबात नको.

चौथा, शाळा उघडल्यावरचे पंधरा दिवस. २०२५ मध्ये विदर्भातल्या शाळा उन्हामुळे २३ जूनला उघडल्या, उरलेल्या महाराष्ट्रात १६ जूनला. जळगाव आणि धुळे नाशिक विभागात येतात, म्हणून आपल्या शाळा नाशिक-पुण्यासोबत उघडतात. पण आपलं ऊन बुलढाणा-अकोल्याचं आहे, नाशिकचं नाही. मुक्ताईनगरच्या पुढे जिल्ह्याची हद्द ओलांडली की ऊन बदलत नाही, फक्त शाळा उघडायची तारीख बदलते. तारीख बदलणं आपल्या हातात नाही, पण त्या पंधरवड्यात मैदानावर काय घ्यायचं ते शाळेच्या हातात आहे.

पाचवा, ऑक्टोबर. पाऊस गेलेला, जमीन ओली, ऊन कडक, आणि नेमक्या तेव्हा तालुका-जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा रंगात आलेल्या असतात. एकाच दिवशी कबड्डीचे तीन-तीन सामने. दुपारी दोनचा सामना सकाळी आठला घ्यायची मागणी मार्गदर्शक शिक्षकांनी आयोजकांकडे आधीच करायला हवी.

मैदानाचे नियम

आता कामाच्या गोष्टी.

वेळ. सगळ्यात गार वेळ सूर्योदयाच्या आधीची. उन्हाळ्यात जोराचा सराव सकाळी आठच्या आत संपवा. संध्याकाळी पाच वाजता "ऊन उतरलं" असं आपण म्हणतो, पण आपल्याकडे मे महिन्यात पाचलाही हवा चाळिशीच्या घरात असते आणि जमीन तापलेली. संध्याकाळीच घ्यायचं असेल तर सहानंतर.

पाणी. तहान लागायची वाट बघू नका. ९ ते १२ वर्षांच्या मुलाला दर २० मिनिटांनी १०० ते २५० मिलिलीटर, म्हणजे अर्धा ते सव्वा पेला. त्याहून मोठ्यांना जोराच्या सरावात तासाला एक ते दीड लीटरपर्यंत लागू शकतं. पण याचा अर्थ जबरदस्तीने घागरभर पाजा असा नाही. मीठ न घेता पाणीच पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम उतरतं, तेही धोक्याचं. तासाभरापेक्षा जास्त सराव असेल तर ताक, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, नाहीतर ओआरएस. ओआरएस घेताना पुडी घ्या. दुकानात मिळणारे गोड डबे म्हणजे ओआरएस नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ओआरएस हा शब्द छापायला बंदी घातली, ती उगाच नाही.

केरळमध्ये २०१९ पासून शाळांत पाण्याची घंटा वाजते. घंटा झाली की सगळा वर्ग पाणी पितो. आपल्या शाळांत ही गोष्ट मुलींसाठी फार गरजेची आहे. स्वच्छतागृह नीट नसतं म्हणून कितीतरी मुली शाळेत पाणीच पीत नाहीत आणि तशाच मैदानावर उतरतात. त्यामुळे स्वच्छतागृहाचा दरवाजा, कडी आणि पाणी हाही मैदानाच्या सुरक्षेचाच भाग समजा.

कपडे. नायलॉनचा ट्रॅकसूट दिसायला छान, पण त्यातून घाम वाळत नाही. उन्हाळ्यात सुती, सैल, फिक्या रंगाचे कपडे आणि डोक्याला टोपी किंवा रुमाल. सरावाच्या दिवशी टाय आणि ब्लेझरला सुट्टी. खिशातल्या कांद्याने उन्हाला काही फरक पडत नाही. ठेवायचा तर डब्यात ठेवा, भाकरीसोबत खाता येतो.

विश्रांती. ४० च्या आसपास पारा असेल तर १० ते १५ मिनिटं खेळ, मग सावलीत पाच मिनिटं. सावली नसेल तर ती तयार करा. मांडववाल्याकडची जुनी हिरवी जाळी चार बांबूंवर टाकली तरी पुरते.

आणि शिक्षा. उशीर झाला, गृहपाठ नाही, मैदानाला पाच चकरा मार. ही सवय मोडली पाहिजे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेला बंदी आहेच. पण उन्हाच्या दृष्टीने बघितलं तर शिक्षा म्हणून पळणारं मूल थांबायची परवानगी मागत नाही, पाणी मागत नाही, त्रास होतोय हे सांगत नाही. सगळे धोके एकत्र येतात.

कोणाला पळवायचं नाही? ताप, जुलाब, उलट्या झालेल्या मुलाला दोन-तीन दिवस तरी नाही. उपाशी आलेल्याला नाही. आदल्या दिवशी उन्हाचा त्रास झालेल्याला नाही. आणि आपल्या भागासाठी खास सांगतो, सिकलसेल. शिरपूर, साक्री, चोपडा, यावल, शेजारचं नंदुरबार, या पट्ट्यातल्या आदिवासी मुलांमध्ये हा आजार आढळतो. ऊन, पाण्याची कमतरता आणि जोराचा व्यायाम एकत्र आले की अशा मुलांच्या रक्तपेशी आकार बदलून रक्तवाहिन्यांत अडकतात. फक्त वाहक असलेलं, एरवी एकदम ठणठणीत दिसणारं मूलसुद्धा टोकाच्या श्रमात अडचणीत येऊ शकतं. असं मूल पाय दुखतात, पायात जीव नाही म्हणतं आणि खाली बसतं. त्याला "नाटक करू नको" म्हणून उठवू नका. आश्रमशाळेत किंवा जिल्हा परिषद शाळेत तपासणी झाली असेल तर ती नोंद पीटीच्या सरांपर्यंत पोचली पाहिजे. फक्त यादी वर्गात वाचून दाखवू नका. ही माहिती खाजगी आहे.

मूल कोसळलं तर

त्रासाच्या पायऱ्या असतात. आधी पोटऱ्यांत गोळे. मग डोकं दुखणं, मळमळ, गळून जाणं. इथपर्यंत सावली, पाणी, मीठ-साखर, ओलं कापड एवढ्याने भागतं. त्या दिवशी पुन्हा खेळ नाही.

पण मूल असंबद्ध बोलू लागलं, झोकांड्या खाऊ लागलं, उगाच चिडू लागलं, ओळखेनासं झालं, तर तो उष्माघात. तपासायला सोपं: तुझं नाव काय, कितवीत आहेस, हे सर कोण? उत्तर चुकलं की घड्याळ सुरू झालं समजा. "घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही" हा मोठा गैरसमज आहे. व्यायामातल्या उष्माघातात अंग घामाने भिजलेलं असू शकतं. काखेतल्या थर्मामीटरवरही विसंबू नका, तो अशा वेळी कमी दाखवतो.

मग करायचं काय? १०८ ला फोन, आणि त्याच क्षणी गार करायला सुरुवात. आधी गार करायचं, मग हलवायचं. पहिल्या अर्ध्या तासात शरीर निवलं तर मूल वाचण्याची शक्यता खूप वाढते. रिक्षात घालून तापलेल्या रस्त्याने पाऊण तास दवाखान्याकडे पळवणं म्हणजे तोच अर्धा तास घालवणं. क्रीडावैद्यक सांगतं, बर्फाच्या पाण्याचं टब. आपल्या शाळेत टब कुठून आणणार? ताडपत्री असते ना? चौघांनी चार टोकं धरायची, मुलाला मधे झोळीत ठेवायचं, डोकं वर आणि नाक-तोंड मोकळं, आणि बादल्यांनी पाणी ओतायचं. शाळेसमोरच्या रसवंतीवरून बर्फ मागवायचा. तेही नसेल तर कपडे सैल करून सतत पाणी ओतत राहा आणि पुठ्ठ्याने जोरात वारा घाला. आपली उन्हाळ्यातली कोरडी हवा इथे मदत करते, कूलरसारखी.

दोन गोष्टी करू नका. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. तापाची गोळी देऊ नका. हा तो ताप नव्हे, गोळीचा उपयोग नाही.

शाळेला काय विचारायचं?

आपल्या रावेर-यावलच्या केळीला हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. तापमान ठरलेल्या मर्यादेच्या वर ठरलेले दिवस राहिलं की भरपाई मिळते. केळीच्या बागेला गरम वाऱ्यापासून वाचवायला आपण कडेने शेवरी लावतो. म्हणजे केळीला ऊन किती झेपतं, याचा आकडा ठरलेला आहे आणि आडोसाही ठरलेला आहे. शाळेच्या मैदानाला असा आकडा नाही, तो शाळेनेच ठरवायला पाहिजे.

अहमदाबादचं उदाहरण घ्या. मे २०१० च्या लाटेत तिथे एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३०० हून जास्त मृत्यू झाले. २०१३ मध्ये शहराने उष्णता कृती आराखडा केला. त्यात फार महागडं काही नव्हतं. कोणत्या आकड्याला कोणी काय करायचं, हे आधी लिहून ठेवलं होतं, एवढंच.

शाळेसाठीही तेच. पालक सभेत भांडायला जाऊ नका, पाच प्रश्न घेऊन जा. पीटीचा तास उन्हाळ्यात कितव्या नंबरला आहे? कोणत्या तापमानाला मैदान बंद होतं, आणि ते कोण ठरवतं? पाण्याची सुट्टी दर किती मिनिटांनी आहे? मैदानापासून पाण्याची टाकी किती अंतरावर आहे, आणि ताडपत्री, बादल्या, ओआरएस कुठे आहे? आणि पाचवा, "सर, मला कसंतरी होतंय" असं मूल म्हणालं तर त्याला थांबवतात की हसतात?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. शाळेतले शिक्षकही आपल्यातलेच असतात, बऱ्याच ठिकाणी एकटे पीटीचे सर तीनशे मुलांना बघतात. त्यांच्यावर सगळं ढकलून चालणार नाही. म्हणून घरीही मुलाला एवढं सांगा: डोकं गरगरलं, थंडी वाजल्यासारखं झालं, मळमळलं, तर थांबायचं आणि बोलायचं. जोडीदाराचं लक्ष जोडीदारावर. मित्र वेडंवाकडं बोलू लागला तर हसायचं नाही, धावत जाऊन सरांना सांगायचं.

आजच्यापुरतं एवढंच. हा मजकूर तुमच्या शाळेच्या ग्रुपवर टाका, पीटीच्या सरांना आणि मॅडमना पाठवा. तुमच्या शाळेने यातलं काही आधीच सुरू केलं असेल तर कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवतो. सकाळचा सराव सकाळीच संपवा, पाण्याची बाटली विसरू नका. येतो, नमस्कार.